स्टाउफेनचे सात बोअर: हीट पंप बसवणाऱ्याला प्रमाणपत्र द्यायचं ते कशाचं?

जर्मनीच्या नैऋत्य कोपऱ्यात, फ्रायबुर्गच्या थोडं दक्षिणेला, स्टाउफेन इम ब्राइसगाउ नावाचं आठेक हजार वस्तीचं गाव आहे. भोवती द्राक्षमळे, टेकडीवर पडका किल्ला, मधोमध जुनी फरसबंद पेठ. सैतानाशी सौदा करणारा डॉक्टर फाउस्ट इथल्याच एका खाणावळीत मेला असं गावकरी सांगतात आणि त्यावर पर्यटनही बरं चालतं. सोळाव्या शतकातल्या नगरपालिकेच्या इमारतीचं नूतनीकरण निघालं, तेव्हा ती जमिनीतल्या उष्णतेवर चालणाऱ्या हीट पंपाने गरम करायचं ठरलं. 2007 च्या सप्टेंबरमध्ये इमारतीलगत सुमारे 140 मीटर खोलीचे सात बोअर मारले गेले. त्यांत प्लॅस्टिकच्या नळ्या सोडल्या, भोवतीची पोकळी सिमेंटच्या स्लरीने, म्हणजे पातळ लगद्याने भरली आणि रिग, म्हणजे बोअर मारायचं यंत्र, पुढच्या कामाला गेली.

पुढच्या काही महिन्यांत भिंतींना तडे दिसू लागले. आधी नगरपालिकेच्या, मग शेजारच्या, मग सगळ्या जुन्या पेठेतल्या. मोजमाप झालं तेव्हा कळलं, की जमीन खचत नाहीये, वर येतेय. सर्वात वाईट काळात हा वेग महिन्याला साधारण एक सेंटिमीटर होता. पुढच्या काही वर्षांत फुगवट्याच्या मध्यावर जमीन अर्ध्या मीटरहून जास्त उचलली गेली. जवळपास 270 इमारतींचं नुकसान झालं आणि नुकसानीचे अंदाज पाच कोटी युरोच्या आसपास गेले. ‘स्टाउफेन मोडता कामा नये’ अशा अर्थाचे फलक गावात लागले.

हे प्रकरण भूगर्भशास्त्राच्या वर्गात बरंच शिकवलं जातं. मला त्यात दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. हीट पंप बसवणाऱ्यांसाठी व्यावसायिक प्रमाणपत्राचं मानक तयार करायला लोक बसले, की अभ्यासक्रम यंत्राभोवती गोळा होतो: कॉम्प्रेसर, नळजोडणी, वायरिंग, कंट्रोल पॅनेल. आणि भरून न निघणारं नुकसान होतं ते बोअरमध्ये. कॉम्प्रेसर चुकीचा बसला तर बदलता येतो. चुकीचा बोअर 270 घरं घेऊन बसतो. म्हणून स्टाउफेनमध्ये काय झालं ते आधी नीट समजून घेऊ, आणि मग त्यानंतर युरोपात प्रमाणपत्राची जी मानकं घडली त्यांनी यातलं किती पकडलं ते पाहू.

खाली काय झालं

जमिनीखाली दहा-पंधरा मीटरच्या पुढे तापमान वर्षभर जवळपास स्थिर असतं. मध्य युरोपात साधारण 10 ते 12 अंश. बोअरमध्ये सोडलेल्या बंद नळीतून पाणी (बहुतेकदा गोठू नये म्हणून त्यात ग्लायकोल) फिरतं, ती ऊब उचलतं, आणि हीट पंप ती घर गरम करण्याइतकी वर चढवतो. जमिनीतलं पाणी उपसायचं नाही, आपलं पाणी बाहेर सोडायचं नाही. कागदावर याइतकं निरुपद्रवी तंत्र शोधून सापडणार नाही.

स्टाउफेनखाली मात्र गिप्सकॉयपर नावाचा खडकांचा थर आहे, वीस कोटी वर्षांहून जुना. त्यात ॲनहायड्राइट असतं, म्हणजे पाणी नसलेलं कॅल्शियम सल्फेट. त्याच्या खाली चुनखडीच्या थरांत दाबाखालचं भूजल आहे. बोअर केला की आपोआप वर चढणारं, आर्टेशियन पाणी. मध्ये चिकणमातीयुक्त थर असल्यामुळे हे पाणी आणि वरचं कोरडं ॲनहायड्राइट कोट्यवधी वर्षं एकमेकांना भेटलेलं नव्हतं. गाव ऱ्हाइन खोऱ्याच्या भ्रंशाच्या काठावर असल्याने इथले थर तिरपे आणि तुटलेलेही आहेत. त्यामुळे नकाशावरून खोलीचा अंदाज बांधणं आणखी अवघड.

बोअर दोन्ही थरांतून आरपार गेले. नळ्यांभोवतीची पोकळी पूर्ण बंद झाली नव्हती, त्या फटीतून खालचं पाणी वर आलं आणि ॲनहायड्राइटला मिळालं. ॲनहायड्राइट पाणी शोषून जिप्सम होतं. हा हिशोब कुणालाही करता येईल असा आहे: ॲनहायड्राइटचा एक मोल साधारण 46 घन सेंटिमीटर जागा घेतो, त्यातून बनणारं जिप्सम 74. म्हणजे साठ टक्क्यांहून जास्त वाढ. ही वाढ सुमारे 60 ते 100 मीटर खोलीच्या पट्ट्यात झाली. बाजूला सरकायला जागा नाही, मग ती वरच्या दिशेने गाव उचलत गेली.

आणि ही प्रक्रिया सुरू झाल्यावर थांबवायला बटण नाही. 2009 मध्ये नळ्यांमधून पुन्हा सिमेंट दाबून बोअर बंद करायचा प्रयत्न झाला. मग विहिरी खोदून खालचं पाणी सतत उपसायला सुरुवात झाली, म्हणजे पातळी ॲनहायड्राइटपर्यंत चढू नये. वेग कमी होत महिन्याला काही मिलिमीटरवर आला. पंप पुढेही वर्षानुवर्षं चालू ठेवावे लागले. एका इमारतीचा गरम करण्याचा खर्च वाचवायला घेतलेल्या कामापायी गावाला कायमचा उपसा गळ्यात पडला.

बोअर भरणं म्हणजे नक्की काय

इथे जरा थांबायला हवं, कारण प्रमाणपत्राच्या सगळ्या चर्चेचा गाभा या तासा-दोन तासांच्या कामात आहे.

बोअरचा व्यास समजा 15 सेंटिमीटर. त्यात 32 मिलिमीटर व्यासाच्या चार नळ्या खाली जातात. दोन जाणाऱ्या, दोन परत येणाऱ्या, तळाशी यू आकाराने जोडलेल्या. त्यांच्या जोडीला आणखी एक नळी, स्लरी भरायची. 140 मीटरच्या बोअरमध्ये नळ्या वजा करून उरलेली पोकळी दोन घनमीटर, म्हणजे 2,000 लिटरच्या आसपास निघते. ही पोकळी सिमेंट आणि बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीच्या स्लरीने तळापासून वर भरत आणायची. वरून ओतायची नाही. वरून ओतली तर ती नळ्यांच्या गर्दीत कुठेतरी मध्येच अडकते, खाली पोकळी राहते आणि वर मात्र बोअर तुडुंब दिसतो. तळापासून भरताना आधी बोअरमधलं पाणी वर ढकललं जातं, मग पातळ गढूळ मिश्रण, आणि शेवटी आत घालतोय तितक्याच घनतेची स्लरी तोंडाशी आली की भरणं झालं असं मानायचं. घनता डोळ्याने कळत नाही. ती मोजावी लागते, आत जाणारीही आणि बाहेर येणारीही.

आता 2,000 लिटरची पोकळी आहे आणि 1,300 लिटरमध्येच काम ‘झालं’, तर कुठेतरी हवा किंवा पाणी अडकलंय. 5,000 लिटर ओतूनही भरत नाही, तर खडकातल्या भेगा स्लरी पितायत. दोन्ही आकडे बोंब मारत असतात, फक्त ते कुणीतरी लिहून घ्यायला हवेत.

दाबाखालचं पाणी असेल तर आणखी एक पेच. साध्या पाण्याच्या 140 मीटर उंचीचा तळाशी दाब सुमारे 14 बार. 1.8 घनतेच्या स्लरीचा सुमारे 25. म्हणजे स्लरी पातळ असेपर्यंत तिच्या वजनाने पाणी मागे रेटून धरता येतं. पण सिमेंट घट्ट व्हायला लागलं, की ते स्वतःचं वजन भिंतींवर टेकवतं, खालचा दाब उतरतो, आणि त्या मधल्या अवस्थेत पाणी त्यातून बारीक वाट काढू शकतं. ही वाट बोटभर रुंदही नसते. स्टाउफेनसारख्या जागी तेवढी पुरते.

काम झाल्यावर यातलं काहीही दिसत नाही. सहा महिन्यांनी तपासायला येणाऱ्याला एक झाकण आणि दोन नळ्या दिसतात, प्रेशर टेस्टही पास होते, कारण ती नळीच्या आतली टेस्ट आहे. नळीच्या बाहेरची फट तिला कळतच नाही. म्हणून या धंद्यात ‘काम पाहून’ माणसाला पास करणं ही पद्धतच लागू पडत नाही. वेल्डरचा सांधा कापून बघता येतो. बोअर कापून बघणार कसा?

माहिती होती, पण शेजारच्या खोलीत

ॲनहायड्राइट फुगतं हे 2007 मध्ये नवं नव्हतं. बोगदे खणणारे अभियंते दक्षिण जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये या खडकाशी कित्येक दशकं झुंजत आलेत. स्टुटगार्टच्या वागेनबुर्ग बोगद्यात तळ वर येत राहिला आणि त्याचा अभ्यास पुढे अनेक वर्षं चालला. स्वित्झर्लंडमध्ये सिसाखच्या शिएनबेर्ग बोगद्याचंही तेच. या खडकात पाणी जाऊ द्यायचं नाही, हे बोगदेवाल्यांना पक्कं ठाऊक होतं.

बोअरवाल्यांच्या जगात ही माहिती त्या मापाने पोचलेली नव्हती. त्यांचं मूळ काम पाण्याच्या विहिरींचं. विहिरीवाल्याला दाबाचं पाणी लागणं हा आनंदाचा क्षण असतो! त्याच हाताला आता सांगायचं, की तेच पाणी लागलं तर धोका आहे. त्यातच 2005 नंतर तेलाचे भाव चढले, जर्मनीत हीट पंपांची मागणी झपाट्याने वाढली आणि बोअर मारणाऱ्या कंपन्यांना कामं पुरेनाशी झाली. नवी मंडळी धंद्यात उतरली. ज्ञान एका व्यवसायात साठलेलं आणि काम दुसऱ्याच व्यवसायात वाढतंय, अशी ही स्थिती. मानक बनवणाऱ्यांचं पहिलं काम ही भिंत पाडण्याचं.

स्टाउफेन एकटं नाही. फ्रान्सच्या अल्सासमध्ये लोशविलेर गावात 2008 मधल्या एका बोअरनंतर असाच फुगवटा आला. 2009 च्या नोव्हेंबरमध्ये वीसबाडेन शहरात बोअर मारताना दाबाचं पाणी लागलं आणि भर वस्तीत कारंजं उसळलं. स्टुटगार्टजवळ ब्योब्लिंगेनमध्ये जुन्या बोअरमुळे जमीन फुगली, घरांना तडे गेले. ते बोअर शोधून पुन्हा बंद करावे लागले. 2011 च्या उन्हाळ्यात जवळच्याच लेओनबेर्गमध्ये एका कामानंतर घरं तडकली. वरकरणी वेगवेगळे अपघात, पण प्रत्येक ठिकाणी मुळाशी तेच: भूजलाचे दोन थर जोडले गेले किंवा पाण्याला नको तिथे वाट मिळाली.

युरोपीय निर्देश: चांगला हेतू, अर्धवट नजर

युरोपीय संघाने 2009 मध्ये अक्षय ऊर्जेचा निर्देश काढला, क्रमांक 2009/28 (2021 मध्ये त्याची जागा नव्या निर्देशाने घेतली). त्याच्या कलम 14 मध्ये सदस्य देशांना सांगितलं, की 31 डिसेंबर 2012 पर्यंत लहान बायोमास बॉयलर, सौर पॅनेल, सौर बंब, उथळ भूऔष्णिक यंत्रणा आणि हीट पंप बसवणाऱ्यांसाठी प्रमाणपत्राची किंवा तत्सम पात्रतेची सोय करा, आणि एका देशाचं प्रमाणपत्र दुसऱ्याने मान्य करा. प्रशिक्षणात काय असावं हे परिशिष्ट 4 मध्ये आहे.

ते परिशिष्ट एकदा वाचण्यासारखं आहे. हीट पंप बसवणाऱ्याची पूर्वअट: प्लंबर किंवा रेफ्रिजरेशनचं शिक्षण, वीज आणि नळकामाची मूलभूत हातोटी. नळी कापणं, सांधा जोडणं, वेष्टन घालणं, गळती तपासणं, असं अगदी नेमकं लिहिलंय. अभ्यासाच्या भागात बाजारपेठेची माहिती, निरनिराळ्या प्रदेशांतली जमिनीची तापमानं, कायदेकानू, आणि माती-खडक ओळखणं. कशासाठी ओळखायचा खडक? उष्णतावहनासाठी. म्हणजे हा खडक किती वॅट देईल, एवढाच प्रश्न. तो पाण्याने फुगेल का, विरघळेल का, त्याच्या खालचं पाणी दाबात आहे का, हे त्या वाक्यात नाही. आणि हे लिहिलं गेलं तेव्हा स्टाउफेनची जमीन दर महिन्याला वर येत होती.

मुदतीचं प्रमाणपत्र आणि नूतनीकरणासाठी उजळणीचा वर्ग, ही त्यातली तरतूद चांगली. एका देशाचं दुसऱ्याने मान्य करायची कल्पना प्लंबिंगपुरती ठीक आहे. खडकाच्या बाबतीत मला ती पटत नाही, आणि त्याचं कारण स्वीडन.

स्वीडनमध्ये घराघरांतून लाखो असे पंप चालतात आणि बोअर मारणाऱ्यांसाठी तिथे नॉर्मब्रुन नावाचं मानक आहे, प्रमाणित बोअरवाले आहेत. पण तिथला खडक बहुतांशी कठीण, ग्रॅनाइट आणि नाइससारखा. तिथे नळ्यांभोवती स्लरी सहसा भरत नाहीत. वरच्या मातीच्या थरात स्टीलचं केसिंग (बोअरच्या भिंतीला आधार देणारी रुंद नळी) घालतात, किमान सहा मीटर आणि त्यातलं किमान दोन मीटर पक्क्या खडकात रुतलेलं, ते नीट बंद करतात, आणि खालचा बोअर भूजलानेच भरलेला राहू देतात. त्यांच्या खडकासाठी ही पद्धत योग्य आहे, स्वस्त आहे, दशकानुदशकं चाललेली आहे. तिथला उत्तम, प्रामाणिक, प्रमाणित कारागीर आपली पद्धत तशीच उचलून स्टाउफेनला आला असता तर काय झालं असतं, हे सांगायला नको.

आपल्याकडच्या बोअरवाल्याचंही असंच आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात अनेक वर्षं रिग चालवलेल्या माणसाला बाहेर येणाऱ्या भुकटीचा रंग लाल झाला, की खाली गेरूचा थर लागला हे लगेच कळतं, आणि तिथे भिंत ढासळेल म्हणून तो केसिंगचा विचार करायला लागतो. हे त्याला कुठल्या कोर्सने शिकवलेलं नसतं. कोकणात किंवा विदर्भाच्या पूर्व टोकाला खडक बदलला, की त्या अनुभवाचा भाव निम्म्यावर येतो. म्हणून माझ्या मते प्रमाणपत्राचे दोन भाग हवेत: कुठेही चालणारा यंत्राचा आणि नळकामाचा भाग, आणि त्या-त्या भूप्रदेशापुरताच वैध असलेला जमिनीचा भाग.

जमिनीची बाजू युरोपात कुणीच ओळखली नव्हती असं नाही. युरोपीय भूगर्भशास्त्रज्ञांच्या महासंघाच्या पुढाकाराने 2008 ते 2011 या काळात जिओट्रेनेट नावाचा प्रकल्प चालला. त्यांनी आराखडा करणारे आणि बोअर मारणारे यांचे अभ्यासक्रम वेगळे केले. साधी वाटते, पण मोठी गोष्ट आहे.  अमेरिकेत ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात 1987 मध्ये सुरू झालेल्या इग्शपा या जमिनीतल्या उष्णतेच्या हीट पंपांच्या संघटनेने प्रशिक्षित इन्स्टॉलर तयार केले; तिथे प्लॅस्टिकच्या नळीचा सांधा उष्णतेने एकजीव करण्यावर मोठा भर आणि तो रास्तच, पण बोअर मारण्याचा परवाना हा प्रत्येक राज्याच्या विहीर खात्याचा वेगळा विषय राहिला.

2011: राज्याने घेतलेली भूमिका

लेओनबेर्गनंतर बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याच्या (स्टाउफेनही याच राज्यात) पर्यावरण मंत्रालयाने त्याच वर्षी अशा बोअरच्या गुणवत्तेची मार्गदर्शक तत्त्वं लागू केली. धंद्यात ती एलक्यूएस या आद्याक्षरांनी ओळखली जातात. नंतर ती अनेकदा सुधारली गेली. माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वात शहाणा दस्तऐवज आहे, कारण त्याने कारागिराच्या डोक्यातल्या ज्ञानावर सगळा भार टाकला नाही.

ॲनहायड्राइटसारखा सल्फेटयुक्त खडक लागण्याची शक्यता असेल, तर बोअर त्याच्या वरच थांबला पाहिजे. राज्याच्या भूगर्भ खात्याने जागेनुसार खोलीच्या मर्यादेची माहिती ऑनलाइन उपलब्ध केली. काम फक्त प्रमाणित कंपनीनेच करायचं. पोकळी भरताना स्लरीचं प्रमाण, घनता आणि दाब यांची स्वयंचलित नोंद ठेवायची, म्हणजे वर सांगितलेले ते बोंब मारणारे आकडे आता यंत्र लिहून घेतं. आणि कंपनीकडे असा विमा हवा, की नुकसान झालं तर आधी दोष कुणाचा हे सिद्ध करत न बसता भरपाई मिळावी.

हा शेवटचा मुद्दा प्रमाणपत्राच्या समित्यांना सहसा आपला वाटत नाही. ‘आम्ही कौशल्य बघतो, विमा वकिलांनी बघावा.’ स्टाउफेनमध्ये नुकसान इतकं होतं, की कुठल्याही बोअर कंपनीला ते पेलणारं नव्हतं. शेवटी राज्य सरकार आणि नगरपालिकांच्या सामायिक निधीतून पैसे द्यावे लागले आणि घरमालकांसाठी तडजोडीची यंत्रणा उभी करावी लागली. विमा कंपनी एकदा या खेळात आली, की ती स्वतःहून नोंदी मागते. तीन परीक्षांनी येणार नाही इतकी शिस्त त्या एका अटीने येते.

मग प्रमाणपत्र माणसाला की कंपनीला? 2009 चा युरोपीय निर्देश माणसाला देत होता. जर्मनीतल्या गॅस आणि पाणी क्षेत्राच्या संघटनेचं डब्ल्यू 120 हे मानक कंपनीला देतं. त्याचा उथळ भूऔष्णिक बोअरसाठीचा स्वतंत्र दुसरा भाग 2013 मध्ये आला. यंत्रं, साहित्य, देखरेख करणारा तज्ज्ञ, रिगवरचा पात्र चालक, आधीची कामं, सगळं तपासलं जातं. स्वित्झर्लंडमध्ये हीट पंप संघटनेचं बोअर कंपन्यांसाठीचं गुणचिन्ह 2001 पासून आहे, म्हणजे स्टाउफेनच्या कितीतरी आधीपासून.

धंदा जवळून पाहिलेला कुणीही कंपनीच्या बाजूने कौल देईल, पण एका अटीवर. परीक्षा पास झालेला माणूस ऑफिसात बसतो, कोटेशन देतो, साहेबांशी बोलतो. रिगवर दुसराच असतो, कदाचित मागच्याच आठवड्यात रुजू झालेला. कंपनीचं प्रमाणपत्र भिंतीवर लटकतं आणि स्लरी मिसळणाऱ्याला घनता मोजायचा तराजू कुठे ठेवलाय हेही ठाऊक नसतं. तेव्हा कंपनीच्या प्रमाणपत्रासोबत त्या दिवशी रिगवर उभ्या असलेल्या माणसाचं नाव आणि पात्रता, त्या बोअरच्या कागदावर, सहीसकट. याहून कमी काही मान्य करू नये.

मीटरचा भाव

आता ज्या गोष्टीबद्दल मानकांच्या मसुद्यांत मला फारच कमी वाचायला मिळतं, ती.

बोअरचे पैसे मीटरवर मिळतात, जर्मनीतही आणि आपल्याकडेही. 140 मीटरचं काम घेतलेल्या माणसाला 62 व्या मीटरवर भुकटीत पांढरे चकाकते कण, म्हणजे सल्फेटयुक्त खडकाची खूण, दिसले. नियम सांगतो थांब. थांबलं, तर उरलेल्या 78 मीटरचे पैसे गेले, रिग हलवायचा खर्च अंगावर, आराखडा पुन्हा करायचा, घरमालक नाराज, आणि हीट पंपवाला म्हणणार, ‘माझं यंत्र एवढ्या उष्णतेवर चालणार नाही.’ अशा वेळी त्या माणसाला कण दिसतील का? कितीही उत्तम शिकलेला असला तरी मला शंका आहे.

यावर उपाय अभ्यासक्रमात नाही, करारात आहे. प्रमाणित कंपनीने वापरायच्या नमुना करारातच लिहिलेलं हवं, की भूगर्भीय कारणाने थांबल्यास ठरलेली रक्कम मिळेल, रिग हलवण्याचा खर्च मालक देईल, आणि कमी खोलीचे जास्त बोअर किंवा हवेतून उष्णता घेणारा पंप हा पर्याय आधीच नोंदवलेला असेल. आणि थांबायचा अधिकार रिगवरच्या माणसाचा. फोन करून साहेबाला विचारायची गरज नाही. परीक्षेत हाच प्रसंग घालावा. भुकटीचे नमुने समोर ठेवा, त्यांत एक संशयास्पद, आणि उमेदवार थांबतो का ते पहा. खडकाचं शास्त्रीय नाव त्याला आलं नाही तरी चालेल.

यंत्राच्या भागाबद्दल इथे फार लिहीत नाही, कारण तो भाग आता बहुतेक देशांत बऱ्यापैकी सावरलाय. घराची उष्णतेची गरज नीट न मोजता लूप (जमिनीत फिरणाऱ्या नळ्यांचा वेढा) लहान ठेवला, तर काही हिवाळ्यांत जमीन थंड होत जाते आणि विजेचं बिल चढतं. हवा नीट न काढता लूप चालू केला, तर पंप आवाज करतो आणि कार्यक्षमता घटते. या चुका त्रासदायक आहेत, पण त्या त्या घरापुरत्या राहतात आणि दुरुस्त होतात.

कडक नियमांची किंमतही मोजावी लागली. नंतरच्या वर्षांत बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये नव्या बोअरची संख्या घसरली आणि जर्मनीतली मागणी मोठ्या प्रमाणावर हवेतून उष्णता घेणाऱ्या पंपांकडे वळली. त्याला तेलाचे भाव, अनुदानं, बोअरचा चढता खर्च अशी इतर कारणंही होती. पण वर्तमानपत्रातल्या तडकलेल्या भिंतींच्या फोटोंनी या तंत्राचं जे नाव गेलं, ते नियमांमुळे गेलं असं कुणी म्हणू नये.

आधीच मारलेले बोअर

ही सगळी व्यवस्था पुढच्या कामांसाठी आहे. 2011 च्या आधी मारलेल्या बोअरना स्वयंचलित नोंद नाही, अनेकांना नीट लिहिलेला खडकाचा आलेख नाही. ब्योब्लिंगेनचं नुकसान अशाच जुन्या बोअरमधून आलं, काम झाल्यावर बऱ्याच काळाने. मारणारी कंपनी तोवर बंद झालेली असू शकते, घर विकलेलं असू शकतं.

ब्योब्लिंगेन, सिंडेलफिंगेन, लेओनबेर्ग हा पट्टा मराठी मंडळींना अनोळखी नाही; पुण्याहून मोटार उद्योगात गेलेली कितीतरी कुटुंबं तिथे राहतात आणि आता घरंही घेतात. जुनं घर घेताना जाहिरातीत ‘जमिनीतल्या उष्णतेचा पंप’ असं दिसलं, तर विकणाऱ्याकडे चार कागद मागा: बोअरचा परवाना, खडकांच्या थरांचा आलेख, पोकळी भरतानाची नोंद (किती लिटर, कोणत्या घनतेची), आणि कंपनीचं त्या तारखेला वैध असलेलं प्रमाणपत्र. शंभर मीटरपेक्षा खोल जुना बोअर असेल तर त्या काळी जर्मनीत खाण खात्याकडेही तो कळवावा लागत असे, तेव्हा तिथलीही नोंद असायला हवी. नवा बसवायचा असेल तर आधी राज्याच्या भूगर्भ खात्याच्या ऑनलाइन नकाशात आपला पत्ता टाकून खोलीची मर्यादा बघा, मगच कोटेशन मागवा. कोटेशनमध्ये त्या मर्यादेपेक्षा जास्त मीटर लिहिलेले दिसले, तर पुढे बोलायचं कारण नाही.